कारखान्याचा बस्ता

"वकीलसाहेब, पोरीच्या हातात कागद देता व्हय? फाडले म्हंजे?"

दाराच्या आत बसून मी ते ऐकलं आणि हात पदराखाली घेतले. बोलला तो जिनिंग कारखान्याचा मुनशी. बीडला माझ्या काकांच्या ओसरीवर तो कागदपत्रांचा लाल बस्ता सोडून बसला होता.

"वाचू द्या हो," काका म्हणाले. "हैदराबादेत मिशनच्या शाळेत नुसतं भरतकाम नाही शिकली ती."

कारखान्याने तेलगावकडच्या माळावर कुंपण घातलं होतं. धनगरांच्या चाळीस घरांची मेंढरं त्यामुळे ओढ्यावर जाऊ शकत नव्हती. सगळ्यांच्या वतीने एका म्हाताऱ्या धनगराने काकांमार्फत दावा लावला होता. कारखाना म्हणे, तिथे वाट कधी नव्हतीच. अदालतीने हुकूम दिला की कारखान्याने आपले कागद एक दिवस दाखवावेत, मुनशीच्या देखत. काका जे कागद यादीत टिपतील, तेवढेच पुढे मागता येणार होते. यादीखाली मुनशीची सही झाली की बस्ता परत.

उर्दू कागद काका पाहत होते, मोडी त्यांचा कारकून. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं, म्हणून ती पत्रं माझ्याकडे आली. काकांनी एवढंच बजावलं, "कामाचा कागद शोधत बसू नकोस. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे वाच." पुढे कितीतरी मुकदम्यांत मी हेच काम केलं. त्या दिवशी मात्र यंत्राचे पट्टे, तेलाचे डबे, मोडलेलं चाक, असंच वाचत होते.

अंगणातून म्हाताऱ्याने विचारलं, "लई कागद हायेत. आमचं त्यात कुटं असंल व्हय, माय?"

मी मान हलवली. होय की नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुपार कलली. उर्दूत काही नाही, मोडीतही नाही. मुनशी पानाला चुना लावत हसला. "न्हाई ना सापडत? मी तर सांगतच हुतो."

तेव्हा मुंबईच्या इंजिनिअरचं एक पत्र हाती लागलं. त्याने लिहिलं होतं, कुंपण जुन्या वाटेवरच येतंय, मेंढ्या तिथूनच पाण्याला जाताना मी स्वतः पाहिल्या, तेवढी जागा मोकळी सोडा. मी ते दोनदा वाचलं. वाटेचा उल्लेख असलेले बाकीचे कागद मुनशीने आधीच काढून ठेवले असणार. हे त्याला वाचता आलं नाही, म्हणून राहिलं.

सांगायला हवं होतं. पण ओसरीवर सगळे पुरुष. शाळेतसुद्धा मी उत्तर पाटीवर लिहून दाखवायची. काकूच्या हाती निरोप धाडावा, तर ती देवळात गेलेली. मी पत्र मांडीवर धरून बसून राहिले.

काकांनी यादी वाचून संपवली. मुनशीने टाक दौतीत बुडवला. म्हातारा उठला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "चला मंग. वकीलसाहेबांनी लई कष्ट घेतले." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला सहन झालं नाही.

पत्र घेऊन मी उंबरठ्याबाहेर आले.

"काका, यादी अजून पुरी झालेली नाही. मुनशीजी, सही करू नका. या पत्रात मेंढरांची वाट आहे. मी वाचून दाखवते."