‘आपल्यात नाय हे’

ताई गेल्याचा भाऊजींचा पिंपळगावहून फोन आला, तेव्हा मी दाढी करत होतो. राहिलेली दाढी पुरी केली आणि मग खाली बसलो. तिच्या आजारपणानं रडायचंही त्राण ठेवलं नव्हतं. आता दीड महिना झाला, थकवा तसाच आहे.

ताईला छातीचा कॅन्सर निघाला तेव्हा घरचे सगळे म्हणाले, “आपल्यात नाय हे.” वडिलांच्या दोन्ही बहिणी याच दुखण्यानं गेल्या होत्या, पण एक वणीला दिलेली, दुसरी मनमाडला. दिलेल्या मुलींची दुखणी आम्ही सासरचीच धरत आलो. आजार उलटला तसं डॉक्टरांनी आम्हाला आनुवंशिक आजारांच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या महिन्यातून एकदा मुंबईहून नाशकात यायच्या. मी आपला गाडी चालवायला सोबत. बाईंनी आत्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या सासरी गेल्या, पण रक्त कुणाचं?” मग सावकाश समजावलं. वडील ठणठणीत असले तरी या कॅन्सरमागचा जनुकातला दोष त्यांच्याकडून येऊ शकतो. ताईत सापडला तर माझ्यातही असण्याची निम्मी शक्यता, आणि माझ्यात असला तर माझ्या मुलीतही येऊ शकतो. आधी आजारी माणसाचं रक्त तपासलं तर नीट उलगडा होतो. पण तपासायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा, म्हणाल्या. तोवर “मला आता काय उपयोग त्याचा?” म्हणणारी ताई माझ्या मुलीचं, मनीषाचं, नाव निघताच हात पुढे करून म्हणाली, “घ्या. लय सुया टोचल्या, अजून एक.”

दोष सापडला. पुढची पाळी माझी होती. बायको म्हणाली, “आधी मनीषाचं लग्न होऊ द्या. बाहेर कळलं तर कोण करून घेईल तिला?” मीही दमलो होतो, मान डोलावली. शेवटच्या भेटीत ताईनं विचारलं, “पोरीला सांगितलं का?”

“सांगतो.”

“मला कुणी सांगितलं असतं ना, तर गाठ वर्षभर झाकून ठेवली नसती रे...”

परवा मनीषाला घेऊन भाऊजींकडे गेलो. ताईच्या स्वयंपाकघरात ती चहा टाकत होती. याच ओट्याशी ताई पाठमोरी उभी असायची आणि मागं न बघता माझी थाप पकडायची. मनीषानंही वळून पाहिलं नाही. “बाबा, आत्याचं ते... मला पण होऊ शकतं?”

नाही म्हणायला तोंड उघडलं. त्या खोलीत ते जमेना.

“हो. आधी माझं रक्त देतो. मग तुझं तू ठरव.”

तिनं गॅस बंद केला, स्टूल ओढून समोर बसली आणि म्हणाली, “सगळं सांगा.”