मी कॉलेज सोडलेलं नाही

हैदराबादहून ट्रंक घेऊन मी तेरला उतरले तेव्हा स्टेशनवर छोट्या गाडीच्या इंजिनात पाणी भरणं चाललं होतं. सुट्टी नव्हती, सण नव्हता, घरात कुणी आजारी नव्हतं. कॉलेज चालू असताना पोरगी ट्रंकेसकट घरी येते याचा अर्थ काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. ट्रंक बैलगाडीत चढवणाऱ्या आमच्या सालगड्यानंही काही विचारलं नाही.

निजामाच्या राजवटीतली ती शेवटशेवटची वर्षं. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. चौथी झाली की आमच्याकडच्या मुली चुलीपुढं बसत. दादांनी मला हैदराबादला मावशीकडं ठेवलं, तिथल्या मराठी मुलींच्या शाळेतून मी मॅट्रिक झाले आणि कॉलेजात गेले. घोडं तिथंच अडलं. कॉलेजात सगळं शिकवणं उर्दूतून. बाजारात भाजी घेण्यापुरती उर्दू मला येत होती. पण रसायनशास्त्राच्या बाई ज्या उर्दूत बोलत, तिचा बाजाराशी काही संबंध नव्हता. त्या ‘तुर्शा, तुर्शा’ म्हणत राहायच्या. तुर्शा म्हणजे आम्ल हे मला कळलं तोवर वर्ग कुठल्या कुठं पुढं गेला होता. फळ्यावरची अक्षरं उजवीकडून डावीकडं पळायची आणि मी त्यांच्यामागं धापा टाकायची. बाकीच्या मुली भराभर लिहून घ्यायच्या. मी नुसती दौत उघडून बसायची.

हळूहळू सकाळी पोटात दुखायला लागलं. अन्न जाईना. मुलींना न्यायला पडदे लावलेली मोटार यायची, तिचा भोंगा ऐकला की हातपाय गार पडायचे. एका सकाळी मी मोटारीत चढलेच नाही. मावशीला म्हणाले, “मला घरी पाठवा.” तिनं पुष्कळ समजावलं. शेवटी मावशीच्या यजमानांनी मला पार तेरच्या गाडीत बसवून दिलं.

दादा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “दमलीस. ऱ्हा थोडे दिस,” एवढंच म्हणाले. आईनं भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली. मी तेरणा नदीवर धुणं धुवायला जायची, तिथं बायका विचारायच्या, “आता कायमचीच आलीस व्हय?” मी खाली मान घालून धोपटत राहायची. मी बिनडोक आहे, एवढं एकच मनात घोळायचं. दुसरा विचारच सुचायचा नाही.

काकांना मात्र सुचत होतं. ते दादांचे थोरले भाऊ, घरात त्यांचा शब्द मोठा. “झालं ना शिकून? लई झालं,” म्हणत त्यांनी बेंबळीचं एक स्थळ आणलं. मुलाकडचे बघायला येणार ठरलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला नाही म्हणाले नाही. नेसवलं ते नेसले, पोह्यांचं ताट घेऊन बैठकीत गेले, सतरंजीवर बसले.

मुलगा गप्प होता. बोलणं सगळं त्याच्या मामांचं. त्यांनी मला नाव विचारलं, सुई ओवून दाखवायला लावली. मग पोहे खाता खाता काकांकडं बघून म्हणाले, “हैदराबादला होती म्हणं. कॉलेजात.”

“होती. सोडलं आता,” काका म्हणाले.

“बरं झालं. पोरीच्या जातीला झेपत न्हाय ते. डोस्कं तेवढंच असतंय.”

काका हसले. दादा खाली बघत होते. महिनाभर मी स्वतःला हेच सांगत होते, अगदी याच शब्दांत. पण तेच त्या माणसाच्या तोंडून, पोह्याच्या घासाबरोबर बाहेर पडलं आणि माझं अंग तापलं. हा कोण मला सांगणार?

“मी कॉलेज सोडलेलं नाही,” मी म्हणाले.

काका म्हणाले, “आत जा.”

“जाते. पण मामा, तुम्हाला खोटं सांगितलं गेलंय. मी सोडलेलं नाही. बरं नव्हतं म्हणून आले. सोमवारच्या गाडीनं परत चाललेय.”

सोमवारचं मी त्या क्षणीच ठरवलं होतं. मी आत आले. आई चुलीपाशी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

“आई, मी बोलून बसले. पण तिथं मला खरंच काही कळत नाही गं.”

“कळत न्हाय तर इचार,” आई म्हणाली. “त्या मामाम्होरं तोंड उघडलंस. बाईम्होरं उघडाया काय झालंय?”

बाहेर काका ओरडत होते. दादांचा आवाज मी पहिल्यांदाच त्यांच्या वर चढलेला ऐकला, “पोरगी माझी हाय. सोमवारी ती जाणार.”

परत गेल्यावर कॉलेज होतं तसंच होतं. भोंगा तोच, पोटातलं दुखणंही तेच. फक्त मी आता गप्प बसत नव्हते. पहिल्याच तासाला हात वर केला आणि माझ्या मोडक्यातोडक्या उर्दूत म्हणाले, “बाई, हा शब्द मला कळला नाही.” मुली हसल्या. बाईंनी अर्थ सांगितला. थोड्या वेळानं मी पुन्हा हात वर केला. मुली पुन्हा हसल्या. बाई वैतागून म्हणाल्या, “तू रोज असंच करणार का?” मी म्हणाले, “जी. कळेपर्यंत.”

हसणाऱ्यांतलीच एक तास संपल्यावर माझ्याकडं आली. हैदराबादचीच, मोठ्या घरातली मुसलमान मुलगी. हळूच म्हणाली, “तू विचारलंस ते बरं झालं. तो शब्द मलाही नवाच होता.” तिची उर्दू मोत्यासारखी होती आणि गणित कच्चं. माझं गणित पक्कं होतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही आवारातल्या चिंचेखाली बसायला लागलो. ती मला बाईंची वाक्यं सोडवून द्यायची, मी तिला गणितं.

त्या वर्षी मी रसायनात नापास झाले. काकांनी गावभर सांगितलं. मी पुन्हा बसले आणि पास झाले, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पुढं पदवी घेऊन मी आमच्याच जिल्ह्यात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं, तेही मराठीतून.

आजही घरी पोरंपोरी येतात, कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेली, रडवेली. म्हणतात, सगळे पुढं गेले, मीच मागं. मी त्यांना धीर धरा वगैरे सांगत नाही. दमलात तर घरी या, पोटभर जेवा, झोपा, त्यात कसली लाज? पण तुम्हाला जमणार नाही हे दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका. आणि स्वतःही घाईनं ठरवू नका, कारण दमलेल्या माणसाला स्वतःबद्दल नीट दिसत नाही. कळलं नाही तर उभं राहा आणि विचारा. हसतील. हसू द्या. परत विचारा.

परवा एकीनं विचारलं, “आणि सर चिडले तर?”

मी म्हटलं, “चिडू दे की.”