विषम तारखांची गाडी

क्लचमामांची आणि टेलरमास्तरांची पहिली भेट झाली तेव्हा वाचनालयातली तीन कपाटं हादरली, एका पेन्शनरांचा चष्मा उडून पंख्यावर जाऊन बसला आणि ग्रंथपालांनी उभ्या नोकरीत पहिल्यांदा आवाज चढवला, असं मामा सांगतात. प्रत्यक्षात झालं ते एवढंच, की एका वर्तमानपत्राचं पाचवं पान मामांनी डावीकडून धरलं होतं, मास्तरांनी उजवीकडून, आणि दोघांच्याही खिशात कात्री होती.

भांडणाचं मूळ छपाईत होतं. पाचव्या पानाच्या तळाशी रोज तीन चौकटींची एक चित्रकथा येई. छत्रीने चोर पकडणाऱ्या हेराची. टेलरमास्तर तिच्यावर जीव टाकत. नेमक्या तिच्याच पाठीवर, सहाव्या पानावर, ‘गाडी घरच्या घरी’ हे सदर असे. जुनी गाडी खोलायची कशी आणि जोडायची कशी, रोज थोडं थोडं. त्यात मामांचा जीव. एकाने कापलं की दुसऱ्याचं गेलंच.

ग्रंथपालांनी दोघांनाही बाहेरची वाट दाखवली. मग पायरीवर बसून तह झाला. दोघांत मिळून एक पेपर लावायचा. विषम तारखेचा अंक मामांचा, सम तारखेचा मास्तरांचा. हा तह त्यांनी पाच वर्षं, म्हणजे चित्रकथा, सदर आणि ते वर्तमानपत्र, तिन्ही बंद पडेपर्यंत इमानाने पाळला.

मास्तरांचं यात फारसं बिघडलं नाही. हेर आज कड्याला लोंबकळतोय आणि परवा घरी आरामात दाढी करतोय, असं दिसलं की मधला दिवस मास्तर स्वतः रचत आणि बाहीचं माप घेता घेता गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक हात पसरून उभं, जाणार कुठे?

गाडीचं तसं नसतं. आणि मामांना तर फक्त चालवणं ठाऊक. मोटार शिकवण्याच्या शाळेत तीस वर्षं शिकाऊ माणसांशेजारी बसून ‘क्लच, क्लच, अहो क्लच’ म्हणता म्हणता हे नाव पडलेलं. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, त्याची सवय इतकी, की घरात दूध उतू जायला लागलं तरी खुर्चीतल्या मामांचा उजवा पाय फरशीवर दाबला जाई. पेडलांच्या अलीकडचं सगळं त्यांना येत होतं, पलीकडचं काहीही नाही.

आणि त्यांच्या शेडमध्ये अक्कांच्या यजमानांची गाडी उभी होती. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, नाकाने थोडी बसकी. अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर त्यांनी ती बंद पडलेली गाडी भावाच्या हवाली केली. मामा निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी कात्रणांची वही काढली आणि गाडी खोलली. एकाआड एक धड्यांवर दोन वर्षं काम चाललं. काढायचं कसं ते वहीत असे, बसवायचं कसं ते नसे. एकतीस आणि एक तारीख लागोपाठ येत असल्यामुळे रेडिएटर तेवढा त्यांना संपूर्ण समजला होता. पाहुणा आला की ते रेडिएटरच दाखवत.

अशात अक्का येऊन म्हणाल्या, “मी रविवारी लेकीकडे चालले. आता तिकडेच राहणार.”

“कायमची?”

“ह्या वयात आणखी काय? स्टेशनवर त्या गाडीतून सोड मला. ह्यांच्या शेजारी बसायची तशी एकदा बसेन म्हणते. जमत नसेल तर आत्ताच सांग, मी टॅक्सी बघते.”

“टॅक्सी कशाला? गाडी तयार आहे,” मामा म्हणाले.

शुक्रवारी ती खरंच सुरू झाली. ऐटीत गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि थांबेना. मामांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, हँडब्रेक ओढला तो हातात आला. शेवटी बागेच्या कुंपणाने जबाबदारी घेतली.

वहीत ‘ब्रेक: भाग पहिला’ होता, तेवीस तारखेचा; त्यात ब्रेक काढायचे कसे ते होतं. ‘भाग तिसरा’ पंचवीस तारखेचा. त्यात पेडल पुसायचं कसं ते होतं.

“गॅरेजवाल्याला बोलवा की,” मामी म्हणाल्या.

“मग पाच वर्षं मी काय केलं?”

“तेच मी तेव्हापासून विचारतेय.”

मामा टेलरमास्तरांकडे गेले. मास्तरांनी आपली चित्रकथांची वही उघडली. चोवीस तारखेची पट्टी जाड खळीने पानाला घट्ट बसली होती, ब्रेकचा धडा खाली तोंड करून.

“मामा, ह्यात त्याला हरवलेली छत्री सापडते हो.”

“तुम्ही एवढे दिवस रचलेत. हाही रचा.”

“ह्याच्या आधीचा मी रचलाय, नंतरचा मी रचलाय. मधला हा एकच खरा आहे.”

पाठोपाठ आलेल्या मामींनी दोघांकडे पाहिलं. “तेव्हा दोघांनी आपापला पेपर का नाही लावलात?”

इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“तहात नव्हतं ते,” मामा म्हणाले.

“अक्का रविवारीच जाणार?” मास्तरांनी विचारलं.

“सकाळच्या गाडीने.”

मास्तरांनी फडकं ओलं केलं, पट्टीवर अंथरलं आणि कोटाची कॉलर बसवावी तशी बेताने इस्त्री फिरवली. मग सुईच्या टोकाने कागद सोडवला. हेर फडक्याला लागून आला, छत्रीसकट. मामांनी कागद उलटा करून मोठ्याने वाचला:

“ब्रेक, भाग दुसरा. ब्रेक बसवण्याचं काम वाचकांनी घरी करू नये. जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावं.”

मास्तरांनी फडकं घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

शनिवारी गॅरेजवाल्याने चाळीस मिनिटांत दोन्ही ब्रेक बसवले. रविवारी अक्का पुढच्या सीटवर बसल्या, पदर सारखा केला, आणि दुसऱ्या वळणावर त्यांचा डोळा लागला तो थेट स्टेशनवर उघडला. पुढच्या महिन्यात गाडी गॅरेजवाल्यानेच घेतली.