साडूभाऊंचा टेस्टर

दारूचा थेंब न घेता लग्नाच्या मांडवात सर्वांत जास्त गोंधळ घालणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता: माझा साडू. त्यातल्या 'थेंब न घेता' या शब्दांवर कुणाला वाद घालायचा असेल, त्यानं हुडकेश्वरला माझ्या घरी यावं. मी दिवसभर घरीच असतो.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा कोराडीच्या वीज केंद्रात टेस्टिंगला होता. रिटायर झाल्यावर साऱ्या जगाची तपासणी त्यानं फुकट चालू ठेवली. खिशात पेनऐवजी टेस्टर. कुणाकडेही गेला की पाणी नंतर, आधी कूलर. कूलरला टेकवलेल्या टेस्टरचा दिवा लागला, की घरमालकाकडे असा बघायचा, जणू खुनाचा प्रयत्न पकडलाय. एका लग्नात तर मंगलाष्टकं थांबवून हा स्टेजवरची वायर तपासत बसला. भटजी खवळले. "थांबा ना गा महाराज," हा म्हणाला, "करंट लागून मेले तर लग्न कोणाचं लावान?"

माझ्या नातीचं लग्न ठरलं. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पाहुण्यांची ओळख करून देताना त्याची जीभ अडखळली, हातातला सरबताचा ग्लास पडला. व्याह्यांपुढे माझं नाक कापलं गेलं, असं मला वाटलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "सकाळी सकाळीच ढोसून आले दिसते! ऑटोत बसवा यांले."

"भाऊजी, मी घेत नाही. तुमाले माहीत आहे."

माहीत होतं. तरी पुढे वर्षभर मी त्याला बोलावलं नाही. नातेवाइकांत 'दारुड्या' हे नाव मीच फिरवलं.

मग मेहुणीचा फोन आला, की त्याची जीभ अन् हात दोन्ही जड पडत चाललेत, आणि नसांच्या तपासणीला मी त्याच्यासोबत गेलो. तिथली मुलगी मनगटावर बारीक करंट द्यायची, बोट उडायचं, पडद्यावर लाट उठायची. साडूभाऊ खूश! जड जिभेनं विचारतो, "अर्थिंग लावलं ना वं पोरी?"

"लावलं, काका. लोक ओरडतात, अन् तुम्ही हसून राहिले!"

पुढे स्नायूंत सुई घालूनही तपासलं. बाकीचे आजार वगळून डॉक्टरांनी सांगितलं: मोटर न्यूरॉनचा आजार. नसांतून करंट योग्य वेगानं जातो, पण स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरताहेत. बरं करणारं औषध नाही.

"म्हणजे वायर ठीक, पावरहाऊसच बंद पडून राहिलं," साडू म्हणाला. मग पुढे वाकला. "साहेब, हे दारूनं नाही, असं लिहून द्या."

"दारूचा संबंधच नाही हो. लिहायची गरज नाही."

"गरज आहे," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

त्याचा आवाज पुरता गेल्यावर मी एकांतात माफी मागितली. त्यानं वाकड्या अक्षरात पाटीवर लिहिलं: 'चारचौघांत बोलले. चारचौघांत सांगजा.' मी आज-उद्या करत राहिलो. तो गेला. तेरवीला उभं राहून सांगितलं, तर लोक म्हणाले, जाऊ द्या आता. नाही जाऊ देणार! खोटं मी बोललो होतो. तो शुद्धीत होता, आणि ते मला तेव्हाच ठाऊक होतं; आजारी होता, ते नंतर कळलं.

टेस्टर मेहुणीनं मला दिला. दर उन्हाळ्यात कूलर लावला, की मी तो टेकवून बघतो. दिवा लागत नाही. सगळं ठीक आहे. पण हे कुणाला सांगावं, तेवढं कळत नाही.