उसाच्या लग्नातल्या अक्षता

नव्या जातीचा ऊस हवा तर उसाचं लग्न लावून द्यावं लागतं. पन्नासच्या दशकात आमच्या बेटावर, सें पिएर गावाजवळच्या ऊस-केंद्रात ते काम आम्ही तिघी मराठी पोरी करायचो. मादी तुरे बादल्यांत उभे करायचे, वर नर तुरे टांगायचे आणि रोज सकाळी पराग झाडायचा. मी शाळेत विज्ञान शिकलेली, पण हुद्दा ‘मदतनीस’. कोणता नर कोणत्या मादीला द्यायचा ते मी सुचवायचे, मोठे साहेब मान डोलवायचे, आणि दुपारपर्यंत ती कल्पना त्यांची झालेली असायची.

लग्न म्हटलं की अक्षता हव्यातच. साहेबांची पाठ वळली की आम्ही मंगलाष्टकं म्हणत बादल्यांवर तांदूळ उधळायचो. एकदा साहेबांना जमिनीवर दाणे दिसले. उंदीर झालेत असं त्यांनी गंभीरपणे ठरवलं, सापळे मांडले, वर एक माणूसही नेमला. उंदीर काही सापडेना. आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो.

पुढे साठच्या दशकात आमच्या एका जोडीचा ऊस पसंत झाला. केंद्रात समारंभ ठरला, शेतकऱ्यांना आमंत्रणं गेली. मी आमच्या गावाहून, त्रियोलेहून, वडिलांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी जन्मभर ऊस तोडला होता. त्यांच्यादेखत त्या मांडवात माझं नाव एकदा घेतलं जावं, एवढंच मला हवं होतं. ते ठेवणीतला कोट घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले.

साहेबांनी मातीचे आभार मानले, पावसाचे मानले, स्वतःच्या चिकाटीचे तर दोनदा. मग सापळेवाल्याला उभं केलं आणि त्याने उंदरांपासून सगळं वाचवलं म्हणून टाळ्या वाजवल्या. आम्हाला म्हणाले, चहा आणा.

वडील माझ्याकडे वळून म्हणाले, “काय गो, उंदरांचा नाव घेतलान, तुझा नाय?”

माझं डोकंच फिरलं. किटली टेबलावर आपटून मी क्रेओलमध्ये, बेटावरच्या बोलीत, ओरडले, “मिस्ये, सा बान लेरा-ला, नू मेम सा!” साहेब, ते उंदीर म्हणजे आम्हीच! साहेबांना वाटलं, पोरगी गंमत करतेय. सगळ्यांच्या आधी तेच हसले. मला रागाने रडू फुटलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने वडिलांना कुठे जायचं एवढंच विचारलं. त्यांनी त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं, हिनेच तो नवा ऊस केला म्हणून सांगितलं. मग पुढच्या बाकावरच्यांना सांगितलं, मग शेजारच्यांना. मी लाजून चूर झाले होते आणि मनातून खूप सुखावले होते. मागून एक अनोळखी म्हातारी ओरडली, ऐकू नाही आलं, पुन्हा सांगा. वडील उठून उभे राहिले.