रेडेटरातली चटणी

त्या मोटारीच्या मिस्त्रीले मालकानं पहिल्याच दिवशी "या, बसा" म्हटलं, तवापासून तो माझ्या डोळ्यात सलला. मी सात वर्षं मालकाची मोटार चालवत होतो, पण मले कोणी बस म्हटल्याचं आठवत नाई. त्याले मात्र ओसरीवर खुर्ची, वरून कपबशीत चहा. मी आंगणात गाडी पुसून राह्यलो होतो, आन् पुसता पुसता सारं ध्यान त्या कपाकडं. माणूस काही वाईट नव्हता. पण माझ्या पोटात दुखलं ते दुखलंच, आता म्हातारपणी कायले लपवू?

मालक बुलढाण्यात राहत, शेती मोताळ्याकडं, घाटाखाली. मोटार जुनीच घेतलेली. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या सरकारातला एक गोरा साहेब नागपूरले बदलून गेला, तो जातांना विकून गेला. गाडी दणकट होती, पण तिची पुढची पाण्याची टाकी, जिले आम्ही रेडेटर म्हणत होतो, ती गळे. त्या पाण्यानंच इंजिन थंड राहते. ते रस्त्यावर सांडलं की राजूरचा घाट चढतांना गाडी उकळलीच समजा. म्हणून घासलेटच्या डब्यात पाणी भरून घेतल्याशिवाय मी कधी निघालो नाई.

एकदा मालकाले घेऊन येतांना घाटाच्या मधोमध टाकीतून धारच लागली. डब्यात पाणी अर्धंच उरलं होतं. मलकापुरात एका जुन्या ट्रकवाल्यानं कधीतरी सांगितलं होतं का जवसाचं पीठ टाकलं की गळती बसते. घाटात पीठ कुठून आणू? माझ्या शिदोरीत भाकर होती आन् जवसाची चटणी होती. जवस ते जवस, म्हटलं, आन् तिखटमीठ लसणासकट सारी चटणी रेडेटरात वतली. वरून पाणी टाकलं. जराशानं धार बंद झाली, थेंबही पडेना. मागून मालक म्हणे, लय हुशार आहेस बे तू. त्या एका शब्दावर मी दोन वर्षं फुगून होतो. केलं काय ते मी कोणालेच सांगितलं नाई. थेंब दिसला की बायकोजवळून जास्तीची चटणी मागून घेत होतो. तिले वाटे, नवऱ्याची भूक वाढली.

गळती गेली, पण उकळणं वाढलं. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी गाडी घाटात फुसफुस करे. मी तीन जागा धरून ठेवल्या होत्या. तठी सावलीत थांबाचं, गाडी निवू द्याची, मंग पुढं निघाचं. असं केलं की ती वर पोचे. मालक मात्र कंटाळले. त्यात त्यायची लेक पहिल्या बाळंतपणाले येणार होती, बेस्तरवारच्या आगगाडीनं मलकापूरले उतरणार होती. तशा अवस्थेत पोरीले घाटात उन्हात बसवाचं का? म्हणून त्यायनं अकोल्याहून हा मिस्त्री आणला. तो गाडी चालवतही होता. आम्हाले दोघालेही मालकानं सांगून टाकलं का घरात डायवर एकच राहीन, बेस्तरवारी काय होते ते पाहू. दुसऱ्यानं दमणीचे, म्हणजे घरच्या बैलगाडीचे, बैल सांभाळाचे. माझं स्टेरिंग जाते का राहते, एवढंच मले दिसून राह्यलं होतं.

मिस्त्रीचं काम पाहून तर अंगाचा तिळपापड झाला. त्याले घाईच नाई. पहिल्या सांजले त्यानं गाडीखाली चाळलेली राख पसरली आन् सकाळी वाकून थेंबाचे डाग पाह्यले. राख कोरडी. मंग टाकीच्या जोडावर, रबरी नळ्यायवर, पाण्याच्या पंपावर चुना लावला. पाणी झिरपलं तर चुन्यावर ओघळ दिसते म्हणे. ओघळही नाई. शेवटी गाडी चालू ठेवून त्यानं टाकीवर हात फिरवला, वरून खाली, पोरीचा ताप पहावा तसा. वर चटका बसे, खाली गार. तो माझ्याजवळ आला.

"भाऊ, याच्यात पाण्याशिवाय काही टाकलं होतं का?"

"पाण्याच्या टाकीत पाणीच टाकतेत," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाह्यलं, हात पुसला आन् गेला. मालकाले त्यानं सांगितलं का गळती नाई, आतल्या नळ्या बुजल्या, टाकी उतरवून धुवा लागते, दोन दिवस पाह्यजेत. तो दिवस बुधवार होता. मालक म्हणे, पोरीले आणल्यावर धुवा, उद्या तुम्हीच चालवा मिस्त्री. मले पाण्याचे डबे धरून बाजूले बसाले सांगितलं.

सात वर्षांत पहिल्यांदा मी त्या गाडीत डावीकडं बसलो. हात कुठी ठेवाचे तेच कळेना. मेला चालवे मात्र असा का गेर टाकतांना आवाज नाई. मलकापूरहून मालक आन् त्यायची लेक मागं बसले, आन् मोताळा मागं टाकून आम्ही घाटाले लागलो. माझी पहिली जागा आली. मी लिंबाच्या झाडाकडं पाहत बसलो. दुसरी आली, गेली; मालक मागं लेकीशी बोलण्यात रंगले होते. थांब, एवढं एकच म्हणाचं होतं. मी नाई म्हटलं. उकळू दे, म्हटलं, होऊ दे याची फजिती.

पुढच्या वळणावर उकळली. मिस्त्रीनं उतरून झाकणावर गोणपाट टाकलं आन् हळूहळू फिरवलं. वाफ थेट मागं आली. मालकाच्या लेकीनं नाकाले पदर लावला.

"बाबा, जवसाच्या चटणीचा वास येऊन राह्यला."

मालकानंही हुंगलं. मी डब्याचं झाकण उघडून उगाच पाणी पाहत राह्यलो.

"भाऊच्या शिदोरीचा असन, बाई," मिस्त्री म्हणे, माझ्याकडं न पाहता. त्या दिवशी माझ्याजवळ शिदोरी नव्हतीच. ते त्यालेही दिसत होतं.

गाडी निवाले तासाच्या वर लागला. ते लेकरू उन्हात दगडावर बसून होतं, एक हात पोटावर, तोंड पांढरं पडलेलं, पण कुरकुर नाई. मले लाज वाटली. पण खरं सांगतो, लाज थोडी होती. त्यानं मले वाचवलं याचाच राग जास्त होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं टाकी उतरवली, उलटी करून खालच्या तोंडातून पाणी सोडलं. तपकिरी, चिकट पेजेसारखं बादलीत बदाबदा आलं, मधातमधात मिरचीच्या बिया. मालक वाकले आन् इचारलं, हे काय हो?

"गाळ आहे मालक. जुन्या गाडीत साचते," मिस्त्री म्हणे, आन् काडीनं तीच जागा खरडत राह्यला.

पुन्हा झाकलं त्यानं. मनात आलं, आता हा जलमभर असाच झाकत राहीन, आन् रोज सकाळी मले याले खाली मान घालून रामराम घालावा लागन. कामात मोठा तो, चालवण्यात मोठा तो, आन् आता मनानंही तोच मोठा? तेवढं मले सोसलं नाई.

"गाळ नाई मालक, चटणी आहे," मी म्हटलं. "दोन वर्षं मीच टाकत होतो. आन् घाटात कुठी थांबाचं तेही मले माहीत होतं. याले सांगितलं नाई."

मालक ओरडले नाईत. त्यायनं बादलीकडं पाह्यलं, मंग आत, जिथं लेक निजली होती तिकडं. गाडी चालू कराचं लोखंडी हँडल मिस्त्रीजवळ दे, एवढंच म्हणाले. मी देलं. मिस्त्रीचे हात ओले होते, त्यानं ते पुसूनच हँडल घेतलं.

घरी बायकोनं कपाळावर हात मारला.

"तो तुमाले वाचवून राह्यला होता ना? मंग काऊन बोलले?"

"वाचवून राह्यला होता म्हणूनच," मी म्हटलं, आन् दमणीचे बैल पाण्यावर न्याले गेलो.