सोन्याला धरलेला अणू

कांचन ज्या अणूंवर काम करायची, ते जेमतेम दोन-चार सेकंद टिकायचे. पण तिला मी कधी घाईत पाहिले नाही. रिक्षा दारात उभी असली तरी ती चहा बशीत ओतून निवांत प्यायची. "घाई अणूला असती, आपल्याला काय?" म्हणायची.

जालन्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी राजूरच्या शेतकऱ्याची मुलगी, ती परतूरच्या मारवाडी कापूस व्यापाऱ्याची. पुढे मी परतूरला रसायनशास्त्र शिकवू लागले आणि ती परदेशातल्या एका प्रयोगशाळेत अतिजड मूलद्रव्यांच्या मागे लागली. ही मूलद्रव्ये निसर्गात सापडत नाहीत. अणुकेंद्रावर अणुकेंद्र आदळून एकेक अणू घडवावा लागतो, तोही अनेक दिवसांतून एखादाच.

एका दिवाळीत ती परतूरला आली असताना तिला मी माझ्या विद्यार्थ्यांसमोर उभे केले.

"एकशे चौदावं मूलद्रव्य तक्त्यात शिशाच्या खाली बसतं," ती सांगू लागली. "मंग ते शिशासारखं वागतं का? काहीजण म्हणतात, न्हाई, वायूसारखं उडून जाईल. म्हणून आम्ही त्याला सोन्याच्या पत्र्यांमधून सोडतो. सुरुवातीचे पत्रे उबदार, शेवटचे बर्फाहून गार. धातू असंल तर सुरुवातीलाच सोन्याला धरंल. वायू असंल तर पार टोकाला जाईल. अणू जिथं थांबला तिथं फुटतो, अन् फुटला की आम्हाला कळतं."

"मॅडम, त्याचा फायदा काय?" एका मुलीने विचारले.

"आज बिलकुल न्हाई. पण हा तक्ता आपण भिंतीवर टांगलाय, लेकरांना शिकवून राह्यलो. तो खालपर्यंत खरा आहे का, हे कुणीतरी बघाया पाहिजे ना?"

पुढच्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी ती आली असताना माझ्याच घरी तिला तिच्या प्रमुखांचा फोन आला. तिने सगळे ऐकून घेतले, हळू आवाजात इंग्रजीत नकार दिला आणि फोन खाली ठेवला.

"गार टोकाला अणू फुटल्याची एक खूण मिळाली," ती मला म्हणाली. "एकच. त्याच्यावरून हे लोक लिहून राह्यले की हा वायू आहे. माझं नाव नका टाकू, म्हणलं."

"अगं, पण तुझी नेमणूक त्यांच्याच हातात आहे."

"आहे ना. पण ती खूण दुसऱ्याच कशाची असली तर? आमच्या मोंढ्यात व्यापारी एक मूठ बघून कापसाची गाडी घेत न्हाईत, शोभा. चार ठिकाणी हात घालतात."

नेमणुकीची मुदत वाढली नाही. काही महिने ती परतूरला माहेरी राहिली. नातेवाईक हळहळायचे. ती रोज सकाळी गच्चीत बसून नव्या प्रयोगाची आखणी करायची आणि जेवायला खाली यायची. एकदा तिची आई माझ्यापाशी म्हणाली, "हिला चिंता कशी न्हाई?" कांचनने ते ऐकले आणि ती आईला म्हणाली, "चिंता आहे, बाई. पण प्रयोग बराबर आहे."

दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तिची आखणी स्वीकारली. या वेळी यंत्र कितीतरी अधिक काळ चालले, आणि खुणा उबदार पत्र्यांवरही उमटल्या. अणूने सोन्याला धरले होते. शिसे धरते तितके घट्ट नव्हे, तरी धरले होते. एकशे चौदावे मूलद्रव्य धातूच होते. फार उडणारा, पण धातू. सगळ्यांत आधी अभिनंदनाचा फोन आला तो तिच्या जुन्या प्रमुखांचा. तिने त्यांना पुढच्या प्रयोगात बोलावून घेतले.

मागच्या खेपेला मी तिला परतूर स्टेशनवर सोडायला गेले. आता ती त्याहून जड मूलद्रव्याकडे वळली होती. त्याचे अणू आणखी कमी मिळतात, आणखी लवकर फुटतात.

"आणि एवढं करून काहीच कळलं नाही तर?" मी विचारले.

गाडी आली होती. तिने बॅग उचलली, दाराच्या दांड्याला धरून वर चढली आणि वळून म्हणाली, "मंग कळलं न्हाई, असं लिहू. त्याच्याखाली मात्र सही माझी असंल."